पाय हलला, पण हलवला कुणी?

आमच्या चुलत्यांच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता दोन वर्षं होतील. वाळवा तालुक्यातलं गाव, घरचा ऊस, वय सत्तरीच्या आत-बाहेर. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. उजवी बाजू गेली होती. ती दोन-अडीच महिन्यांत बरीचशी परतली. मागं राहिलं ते पाऊल. चालताना चवडा खाली लोंबायचा, चपलेचं तोंड फरशीवर घासत यायचं आणि उंबरा ओलांडताना दर खेपेला अंगठा ठेचायचा.

फिजिओथेरपीच्या खोलीत त्यांच्यावर उपचार करायला एक नुकतीच शिकून आलेली मुलगी होती, विट्याकडची. तिनं नडगीवर ओल्या कापडाच्या घडीत एक पट्टी बांधली. मग गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाताला जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या जरा मागं-खाली पेनासारखा इलेक्ट्रोड टेकवला. नॉब फिरवला, काही नाही. टोक अर्ध्या बोटानं खाली नेलं, तरी काही नाही. मग पाव बोट मागं सरकवलं आणि पाऊल टुणकन वर आलं. आबांनी त्या पायाकडं असं पाहिलं, की तो शेजाऱ्याचा असावा. म्हणाले, "हलला की गं! पण म्या न्हाई हलवला."

"मग आता मशीन उचलंल तेव्हा तुम्ही पण उचलायचा," ती म्हणाली. "नुसतं बघत बसायचं नाही, आबा."

स्नायूंना आणि नसांना वीज देऊन माणूस पुन्हा उभा करायच्या या उपचारावर जगभर जे काही लिहिलं गेलं, तपासलं गेलं, त्यावर वाद झाले, ते नंतर मी बरंच वाचलं. सातारा-सांगलीतल्या खोल्याही बऱ्याच पाहिल्या. जितकं पाहिलं तितकं वाटत गेलं, की सगळा प्रश्न या दोघांच्या दोन वाक्यांत आला होता. आपल्याकडं ही मशीन सर्वांत जास्त जिथं लावली जाते, तिथं तिचा उपयोग सर्वांत कमी आहे. जिथं ती खरी कामाला येते, तिथं ती फारशी दिसतच नाही.

आधी करंटविषयी. हा शब्द आमच्याकडं साधा नाही. शेतीची लाइट रात्रीची येते. अंधारात, ओल्या पायानं स्टार्टरला हात लावताना गेलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. त्यामुळं डॉक्टरांनी "करंट द्यावा लागेल" म्हटलं, की आबांसारख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. साताऱ्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर सुमारे १,९६० मेगावॉट वीज होते, तिची मोठी वीजघरं घाटाखाली पोफळीच्या बाजूला आहेत. त्या विजेचं आणि आबांच्या नडगीवरच्या विजेचं नातं, कृष्णेच्या पुराचं आणि डोळ्यात घालायच्या थेंबाचं असावं तेवढंच. इथला प्रवाह मिलिअँपिअरमधला. त्याचा एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून छोटा असतो. असे ठोके सेकंदाला चाळीस-पन्नास दिले, की ते वेगवेगळे जाणवत नाहीत आणि स्नायू एकसंध आवळला जातो.

यात एक गोष्ट नीट कळली, तर पुढचं निम्मं आपोआप कळतं. असा छोटा ठोका स्नायूला हलवत नाही, तो नसेला जागं करतो. नस जागी झाली की ती स्नायूला हुकूम सोडते. आबांच्या बाबतीत बिघाड मेंदूत होता. गुडघ्याखालची नस आणि स्नायू शाबूत होते. म्हणून नसेवर बोट ठेवताच पाऊल उठलं. पण नसच तुटलेली असेल, तर हा ठोका वाया जातो. मग स्नायूच्या तंतूंनाच ढोसावं लागतं. त्यांना एवढ्या छोट्या ठोक्याची दखलच घेता येत नाही. सेकंदाचा दहावा भाग टिकेल असा लांब ठोका लागतो. पहिल्या प्रकाराला फॅरॅडिक, दुसऱ्याला गॅल्व्हानिक म्हणतात. पुस्तकात हे पहिल्या वर्षी शिकवतात. तरी तुटलेल्या नसेच्या हातावर महिनाभर पहिल्या प्रकारचा करंट मारत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. बोट ढिम्म हलत नाही, शेजारचे चांगले स्नायू मात्र उड्या मारतात आणि नातेवाईक खूश.

या दोन नावांमागं दोन माणसं आहेत. इटलीतल्या लुइजी गॅल्व्हानीनं बेडकाची तंगडी विजेनं उडते हे १७९१ मध्ये छापून जाहीर केलं. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये विद्युत प्रवर्तन दाखवलं आणि त्यातून ठोक्याठोक्यानं वीज देणारी यंत्रं झाली. पण वीज शरीरावर नेमकी कुठं टेकवायची हे शोधून काढलं ते फ्रान्सच्या द्युशेन या डॉक्टरनं, १८५०च्या दशकात. प्रत्येक स्नायूचा एक ठिकाणा असतो, तिथं कमीत कमी विजेत तो जास्तीत जास्त आवळतो. विट्याची ती मुलगी पाव-पाव बोटानं शोधत होती तो हाच ठिकाणा. पावणेदोनशे वर्षांत मशीनं बदलली; ही शोधाशोध आहे तिथंच आहे, आणि ती हातालाच येते.

आपल्याकडं ही विद्या पोलिओच्या पाठीवर बसून आली. मुंबईत केईएमच्या आवारात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. दक्षिण महाराष्ट्रात दवाखान्यांची परंपरा त्याच्या कितीतरी आधीची. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं ते १८९४ साली. १९६२ मध्ये तिथंच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. कर्नाटकातले पेशंट अजूनही रेल्वेनं मिरजेला उतरतात. आता कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं आणि सांगली-मिरज रस्त्यावर भारती विद्यापीठाचं, अशी फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. साडेचार वर्षांचं शिक्षण घेतलेली पोरं-पोरी विटा, तासगाव, वडूज, पाटण इथपर्यंत पाट्या लावून बसली आहेत. वीस वर्षांपूर्वी हे चित्र नव्हतं. तेव्हा हाडवैद्य, नाहीतर थेट मिरज.

या पाटीमागच्या खोलीत दिवसभर चालतं काय? कंबर, मान आणि गुडघे. ऊस तोडताना, हळदीचे गड्डे काढताना, द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून दिवस काढताना दुखायला लागलेली शरीरं. त्यांना पोटावर झोपवायचं, कमरेवर चार काळी रबरी पॅडं पट्ट्यांनी आवळायची, पंधरा मिनिटांचा टायमर लावायचा. याला आयएफटी म्हणतात. दोन मध्यम वारंवारतेचे प्रवाह एकमेकांत मिसळून खोलवर मुंग्या आल्यासारखं वाटतं. ऑस्ट्रियाच्या हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकात काढलेली युक्ती. त्याच घराण्यातलं छोटं भावंड म्हणजे टेन्स, खिशात मावणारं.

यानं दुखणं का कमी होतं, याचं पटण्याजोगं उत्तर मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये दिलं. मज्जारज्जूत जणू एक दार आहे. स्पर्शाच्या, कंपाच्या जाड नसा गजबजल्या, की दुखण्याची वर्दी आणणाऱ्या बारीक नसांना तिथं थांबावं लागतं. आई पोराच्या ठेच लागलेल्या जागेवर हात फिरवते ते हेच दार लावायला. मशीन तेच काम जास्त चिकाटीनं करते.

पण हात फिरवायचा थांबला की दार पुन्हा उघडतं. २०२२ मध्ये मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी टेन्सवरच्या ३८१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. मशीन लावलेली असताना आणि काढल्या काढल्या दुखणं कमी असतं, हे त्यात दिसलं. त्यापुढचं काही छातीठोकपणे सांगता येत नाही. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेनं तर २०१६च्या कंबरदुखीच्या सूचनांत टेन्स, आयएफटी आणि अल्ट्रासाउंड देऊच नका, असं सरळ लिहिलं. व्यायाम करवून घ्या, माणसाला हालतं ठेवा. इथं मला आपल्या फिजिओंची बाजूही घ्यावीशी वाटते. एक माणूस, पाच खाटा, बाहेर बाकावर बारा जण. प्रत्येकाला अर्धा तास व्यायाम शिकवायचा म्हटला, तर दुपारी दोनलाच दिवस संपेल. आणि पेशंट काय म्हणतो? "मशीन लावलीच न्हाई, नुसतं पाय वर-खाली करायला लावलं, त्येचं दोनशे घेतलं." मशीनीला पैसे द्यायची आपली तयारी असते, शिकवण्याला नसते. दहा दिवसांचा शेक असा हिशेब मग दोन्ही बाजूंनी ठरून जातो. त्यात फसवणूक कुणाचीच नसते, फारसं भलंही कुणाचं होत नाही. पंधरा मिनिटांच्या बधिरतेचा फायदा घेऊन लगेच व्यायाम करवून घेतला, तर गोष्ट वेगळी. काही जण घेतातही.

आता दुसरं टोक. हा भाग कुस्तीचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य आणलं, तेव्हापासून इथल्या तालमींची छाती जी फुगली ती उतरलेली नाही. पण मातीत गुडघा फिरतो, मॅटवर जास्तच फिरतो आणि आतला लिगामेंट तुटतो. ऑपरेशन मिरज-सांगली-कराडला होतं, चांगलं होतं. नंतर मांडीचा पुढचा स्नायू मात्र असा गळून जातो, की तीन आठवड्यांत मांडी अर्धी दिसते. पैलवान जोर लावतो, घाम काढतो, तरी स्नायू आवळत नाही. कारण सुजलेला गुडघा मज्जारज्जूकडं निरोप पाठवत राहतो, की या स्नायूला आखडतं घ्या. इच्छा आहे, ताकद होती, मधला हुकूम अडवलेला आहे. वीज तो अडसर वळसा घालून ओलांडते.

अमेरिकेत लिन स्नायडर-मॅक्लर यांनी १९९५ मध्ये अशा ११० पेशंटवर चार प्रकार करून पाहिले. जोरदार विद्युत उत्तेजन मिळालेल्यांच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ७० टक्क्यांवर आली. नुसता कसून व्यायाम केलेल्यांची ५७ वर राहिली. आणि बॅटरीवरच्या छोट्या मशीनीनं हळुवार करंट घेतलेल्यांची? ५१. म्हणजे करंट घेतला तर खरा, पण तो बोचू नये म्हणून कमी ठेवला आणि सर्वांत मागं राहिले. पुढं २०१२ मध्ये जेनिफर स्टीव्हन्स-लॅप्सली यांच्या गटानं सांधा बदललेल्या म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर ४८ तासांतच सुरुवात केली. दिवसातून दोनदा, दर वेळी पंधरा आकुंचनं, सहा आठवडे. सोसेल तितका जोर. वर्षानंतरही त्यांचं चालणं-जिने चढणं दुसऱ्या गटापेक्षा सरस होतं.

सोसेल तितका, हे दोन शब्द महत्त्वाचे. मी पाहिलेल्या खोल्यांत मांडीवरचा करंट नुसती कातडी थरथरेल इतकाच असतो. "जास्त नको, घाबरतात," असं कारण मिळतं. तालमीत हजार जोर मारणारा गडी इथं "बास बास" म्हणतो, हेही खरं. पण गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसत नसेल, तर ती पंधरा मिनिटं वर्तमानपत्र वाचण्यात गेली असं समजावं.

जोरदार करंटात एक गोम आहे. आपण स्वतः स्नायू आवळतो तेव्हा शरीर साखर कारखान्यासारखं पाळ्या लावतं. एक टोळी कामावर, दुसरी विश्रांतीवर, मग अदलाबदल. त्यामुळं तासन्‌तास दम टिकतो. वीज मुकादमासारखी येते आणि नसेजवळच्या त्याच त्या टोळीला एकदमच उठवते. पाळी नाही, सुट्टी नाही. टोळी मिनिटाभरात थकते. म्हणून दहा सेकंद आवळायचं आणि त्याच्या तिप्पट-पाचपट सोडायचं असा हिशेब असतो. रशियाचे याकोव्ह कोट्स तर दहा सेकंद काम, पन्नास सेकंद विश्रांती सांगायचे. अखंड पंधरा मिनिटं स्नायू नाचवत ठेवणारी मशीन स्नायूला फक्त दमवते.

आबांकडं परत येतो, कारण अर्धांगवायूत या उपचाराची सर्वांत सुंदर कल्पना आहे. १९६१ मध्ये व्लादिमिर लिबरसन यांनी एक साधी जोडणी केली. चपलेच्या टाचेखाली स्विच, कमरेला बॅटरी, गुडघ्याजवळच्या त्याच नसेवर इलेक्ट्रोड. पाय उचलायला टाच वर गेली, की स्विच सुटतो, करंट सुरू होतो आणि चवडा वर येतो. टाच टेकली की बंद. चालताना दर पावलाला, नेमक्या वेळी. आज याला एफईएस म्हणतात. 'नाइस'नं २००९ मध्ये मेंदू-मज्जारज्जूच्या दुखण्यातून आलेल्या लोंबत्या पावलासाठी हा उपचार चालेल असं म्हटलं. आता टाचेखालच्या स्विचऐवजी पायाच्या कलाची नोंद घेणारे सेन्सर आले आहेत, गुडघ्याखाली बांधायचा पट्टा मनगटी घड्याळासारखा चढवता येतो.

वाळव्यात तो आबांच्या पायात का नाही? पहिलं कारण पैसा. परदेशी पट्टा परवडेल अशी माणसं या दोन जिल्ह्यांत बोटांवर मोजण्याइतकी. दुसरं कारण पायवाट. ही यंत्रं फरशीसाठी, डांबरी रस्त्यासाठी केलेली. उसाच्या सरीत, पाटाच्या चिखलात, घामट नडगीवर पॅड सरकतं आणि पाव बोटाचा फरक पडला की पाऊल वर यायच्या ऐवजी बाहेर वळतं. म्हणून साधा प्लॅस्टिकचा स्प्लिंट बहुतेक वेळा बाजी मारतो. तिसरं कारण मात्र आपलं आपण निस्तरावं असं आहे. महागडा पट्टा नको, पण प्रत्येक खोलीत असलेल्या साध्या स्टिम्युलेटरला हातात धरायचा स्विच जोडता येतो. माणसाला समांतर दांड्यांमध्ये चालवायचं आणि त्याच्या पावलाच्या तालावर बटण दाबायचं. हे फार कमी ठिकाणी दिसलं. बहुतेक जागी पेशंट आडवा, पाऊल आपोआप हलतंय आणि तो छताकडं बघतोय.

खांद्याचंही तसंच. वारं गेलेल्या बाजूचा हात पहिल्या काही आठवड्यांत लुळा लोंबतो, त्याच्या वजनानं खांद्याचा गोळा खोबणीतून खाली सरकतो. मग महिनोन्‌महिने दुखत राहतो. खांद्याच्या वरच्या आणि मागच्या स्नायूला लवकर उत्तेजन दिलं तर हे सरकणं रोखता येतं. ऑस्ट्रेलियाच्या लुईझ आडा यांनी २००२ मध्ये चाचण्या एकत्र करून ते दाखवलं. उशिरा दिलं तर उपयोग दिसत नाही. आणि आपल्याकडचा पेशंट फिजिओकडं येतो कधी? आधी दवाखान्यातून सुट्टी, मग गावाकडची मात्रा, कुणीतरी सांगितलेलं तेल, एखादा नवस. महिना-दोन महिने इथंच जातात. "हात लई दुखतोय" म्हणून तो येतो, तेव्हा खांदा केव्हाच उतरलेला असतो.

तोंड वाकडं होण्याची गोष्ट वेगळी आहे आणि तीत आपण उलटी घाई करतो. थंडीत पहाटे मोटारसायकलवर गेला, सकाळी आरशात बघतो तर ओठ एका बाजूला. कपाळावर आठी घालून बघावी: त्या बाजूची आठीच पडत नसेल तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे. आठी पडते पण ओठ वाकडा असेल, तर मेंदूचा झटका समजून तडक मोठं हॉस्पिटल गाठावं. नस सुजण्याला बेल्स पाल्सी म्हणतात. डेन्मार्कच्या पायटर्सन यांच्या मोठ्या नोंदवहीनुसार दहांतले सात जण काहीही न करता पूर्ण बरे होतात. पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर आणखी बरे होतात. विजेचं काय? कॉक्रेन या संस्थेच्या २०११च्या आढाव्यात तिचा फायदा दिसला नाही. गावाकडं मात्र तोंड वाकडं झालं की दुसऱ्या दिवशी करंट, आणि पाच आठवड्यांनी तोंड सरळ झालं की श्रेय करंटला. तोंड आपसूक सरळ होत होतं, हे सांगणारा तिथं कुणी नसतो. आणि याच गडबडीत डोळा मिटत नाही म्हणून तो कोरडा पडून जखम होते, तिकडं दुर्लक्ष. मलम आणि रात्री पट्टी, हे करंटापेक्षा मोलाचं.

कापलेल्या नसेत धीर धरण्याचं गणित आहे. कडबाकुट्टीत मनगट सापडलं, नस शिवली. नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पाच-सहा महिने. महामार्गावर मोटारसायकल घसरून खांद्यातलं नसांचं जाळं फाटलं असेल तर हातापर्यंत पोचायला दोन वर्षं. तोवर स्नायू वाट बघत नाही, वर्ष-दीड वर्षात त्याचा तंतुमय चोथा होत जातो. त्याला विजेनं जिवंत ठेवता येईल का, यावर जुनं भांडण आहे. व्हिएन्नाच्या हेल्मुट केर्न यांनी मोठ्या पॅडांनी, लांब ठोक्यांनी, घरच्या घरी आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षं करंट देऊन मांड्या पुन्हा भरलेल्या दाखवल्या. आपल्याकडच्या तीस ठोक्यांच्या रोजच्या हजेरीशी त्याची तुलना होत नाही. याहून आशेची वाटते ती कॅनडातल्या टेसा गॉर्डन यांची वाट. नस मोकळी केली वा शिवली, की लगेच तिलाच एक तास, सेकंदाला वीस ठोके. स्नायूला नव्हे, नसेला, आणि एकदाच. २०१० मध्ये मनगटातली दबलेली नस सोडवलेल्या पेशंटमध्ये नस लवकर परतलेली दिसली. हा एक तास ऑपरेशन थिएटरमधला आहे. उद्या तो मिरजेला द्यायचा झाला तर सर्जनला द्यावा लागेल, फिजिओला नाही.

मज्जारज्जू तुटलेल्यांबद्दल लिहिताना हात जरा थांबतो. सातारा हा फौजी जिल्हा, अपशिंगेला तर नावापुढंच मिलिटरी लागतं. सीमेवर मणक्यात गोळी बसलेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक केंद्र आहे. अशा माणसाला विजेनं चालवता येतं का? येतं. अमेरिकेत १९९४ मध्ये पॅरास्टेप नावाच्या यंत्राला मान्यता मिळाली. पायांवर इलेक्ट्रोड, हातात वॉकर, बोटाशी बटणं. माणूस उभा राहतो, थोडं चालतो आणि घामाघूम होतो. व्हीलचेअर त्याहून वेगानं जाते, म्हणून बहुतेकांनी ती सोडली नाही. आता वीज स्नायूऐवजी मज्जारज्जूवर द्यायची दिशा आहे. २०११ मध्ये लुइव्हिलमध्ये, २०१८ मध्ये लोझानमध्ये मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या लोकांनी स्वतःच्या मनानं पाय हलवले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनं मानेच्या कातडीवरून वीज देऊन हातांची पकड सुधारणाऱ्या यंत्राला परवानगी दिली. त्या सगळ्या बातम्यांत छोट्या अक्षरांत एक ओळ असते: महिनोन्‌महिने रोजचा सराव. करंट चालू असतानाही माणसानं हलवायचा प्रयत्न केला तरच.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. मुंबईत नौदलाच्या रुग्णालयात त्यांना उपचार म्हणून पाण्यात उतरवलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. त्या काळात या यंत्रांपैकी बरीचशी नव्हतीच.

धोक्यांचं थोडक्यात, पण ठळक. हृदयात पेसमेकर असेल तर आधी सांगावं. गरोदर बाईच्या पोटावर-कमरेवर नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही, गाठ असलेल्या जागी नाही, पायातल्या शिरेत रक्त गोठलेलं असेल तर नाही. सगळ्यांत जास्त घात बधिर कातडीवर होतो. मधुमेहानं पाय सुन्न झालेला माणूस "लागतच नाही, वाढवा" म्हणतो आणि पॅड काढल्यावर खाली फोड. पॅड अर्धवट सुटलं तरी तेच, सगळा प्रवाह एका कोपऱ्यातून जातो. आणि मंगल कार्यालयात भरणारी ती मोफत शिबिरं: तांब्याच्या पट्ट्यांवर पाय ठेवा, अर्धा तास बसा, शुगर-बीपी-गुडघा सगळं जाईल, महिन्याअखेर मशीन सवलतीत. तळपायाला मुंग्या येतात हे खरं, बाकीचं कुणी तपासून दाखवलेलं नाही. समोर बसलेल्यांत निम्मे सुन्न पायांचे असतात. २०२१ मध्ये केंद्रानं आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला, पण तो मंगल कार्यालयाच्या दारापर्यंत अजून पोचलेला दिसत नाही.

आबांना त्या मुलीनं तीन महिने चालवलं. ती बटण दाबायची, ते उचलायचे. पाऊल निम्म्याच्या वर आलं. सकाळी ताजेतवाने असताना चवडा सुटा उचलतो, संध्याकाळी दमले की पुन्हा लोंबतो. बाजाराला जाताना स्प्लिंट घालतात. त्याची टाच चपलेत बसेना म्हणून त्यांनी ती विळ्यानं तासली, मुलीचा ओरडा खाल्ला. घरात अनवाणीच असतात. उंबरा काढायला चुलती तयार होईना, त्यावर रोज हळदकुंकू पडतं. शेवटी मुलानं दोन्ही अंगांना सिमेंटचा उतार करून दिला.